मशीनचं घड्याळ थांबतं तिथून पुढे: फॅक्टर तेराच्या तपासणीबद्दल खुले पत्र

प्रति,
रक्त गोठण्याच्या दोषांवर काम करणारे आपल्या देशातले संशोधक
आणि तपासणीची किट बनवणाऱ्या कंपन्या यांस,

विषय: फॅक्टर तेरा (रक्ताची गुठळी पक्की करणारा घटक) अगदी तळापर्यंत मोजणारी आणि लहान लॅबला परवडणारी तपासणी मिळण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डीएमएलटी (लॅबचा डिप्लोमा) करून कामाला लागले त्याला एकोणीस वर्षं झाली. दिवसभर माझ्या हातून जातात ते शुगर, सीबीसी, थायरॉईड, पावसाळा लागला की डेंगी. रक्त गोठण्याच्या टेबलावर मुख्यतः हृदयात व्हॉल्व्ह बसवलेल्या पेशंटांचे आयएनआर आणि ऑपरेशनच्या आधीचे पीटी-एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते. फॅक्टर तेराची तपासणी वर्षाकाठी चार-पाच वेळा येते, कधी तेवढीही नाही. तरी इतक्या वर्षांत माझी झोप उडवणारा एकच रिपोर्ट आहे आणि तो याच तपासणीचा. सही डॉक्टरांची होती, पण शब्द माझे होते.

सरकारला आणि डॉक्टरांना पत्रं लिहिणारे पुष्कळ आहेत. किट बनवणाऱ्यांना कुणी लिहीत नाही. त्यांच्याशी आमचा संबंध येतो तो सेल्समनपुरता, आणि तोही स्कीमबद्दल बोलतो. म्हणून हे पत्र.

आधी काय झालं ते सांगते. पूर्व भागातलं बाळ होतं. (जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या कोरड्या पट्ट्याला आम्ही पूर्व भाग म्हणतो.) जन्मून नऊ दिवस झालेले. नाळ पडली आणि बेंबीतून रक्त पाझरायला लागलं. थांबायचं, लंगोट कोरडा राहायचा, घरचे सुटकेचा श्वास टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत लाल. आजीनं वरून हळद दाबली होती. आईच्या पदराला, बाळाच्या दुपट्याला, इतकंच काय फाईलच्या कोपऱ्यालाही पिवळी बोटं उमटलेली होती. वाटेत एका दवाखान्यात बाळाला प्लाझ्मा चढवला होता. ते फाईलमध्ये लिहिलेलंही होतं, तिसऱ्या पानावर. मी पहिलं पान वाचलं.

पीटी नॉर्मल. एपीटीटी नॉर्मल. प्लेटलेट भरपूर. आमचे डॉक्टर जाणते, त्यांनी फॅक्टर तेरा बघायला सांगितलं. बघायला सांगितलं म्हणजे युरिया लावायला सांगितलं, कारण आमच्याकडे दुसरं काही नाही.

तुमच्यातल्या ज्यांनी अलीकडे फक्त मोठी यंत्रं हाताळली असतील त्यांच्यासाठी ही तपासणी हातानं कशी होते ते लिहिते. तीस ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून एकूण शंभर मिलिलिटर करायचं, म्हणजे पाच मोलर. रेणू तोच, जो आमच्याकडे उसाला पोत्यानं पडतो, फक्त इथं बाटलीवर शुद्धतेचा शिक्का असतो. हा युरिया पाण्यात ढवळायला लागलं की बीकर गार पडत जातो, ऐन मे महिन्यात काचेवर बाहेरून दव धरल्यासारखं होतं. नवीन मुलींना मी मुद्दाम हात लावून बघायला सांगते. मग पेशंटचा प्लाझ्मा घ्यायचा, तितकंच कॅल्शियम क्लोराईड घालायचं, सदतीस डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये ठेवायचं. क्लॉट (गुठळी) झाला की ट्यूबच्या भिंतीवर टिचकी मारून तो सुटा करायचा आणि युरियात सोडायचा. शेजारी नॉर्मल माणसाचा. मग घरी जायचं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ट्यूब उजेडापुढं धरायची. क्लॉट दिसला तर फॅक्टर तेरा आहे. ट्यूब पाण्यासारखी स्वच्छ झाली असेल तर नाही.

बाळाचा क्लॉट दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा होता, साबुदाण्यासारखा टपोरा. मी लिहिलं, "२४ तासांनंतर क्लॉट विरघळला नाही. नॉर्मल."

तो क्लॉट बाळाच्या स्वतःच्या फॅक्टर तेरावर टिकला नव्हता. चढवलेल्या प्लाझ्मातल्या, कुणा रक्तदात्याच्या फॅक्टर तेरावर टिकला होता. हा घटक शरीरात रेंगाळतो, निम्मा व्हायला नऊ ते चौदा दिवस घेतो. एकदा प्लाझ्मा गेला की पुढचे चार आठवडे तरी युरियाच्या ट्यूबवर विश्वास ठेवू नये. हे मला तेव्हा माहीत नव्हतं का? पुस्तकात वाचलेलं होतं. पण त्या दिवशी रॅकमध्ये एकशे दहा सॅम्पल होती, आणि फाईलचं तिसरं पान कुणी उलटायला लावत नव्हतं.

पाच महिन्यांनी तेच बाळ परत आलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. पडलं नव्हतं, आपटलं नव्हतं, रात्री झोपेत उलट्या सुरू झाल्या. या वेळेला काहीही चढवण्याआधी सॅम्पल घेतलं. मी स्वतः युरिया लावला आणि त्या रात्री घरी गेले नाही. पहाटे ट्यूबच्या तळाशी शेवाळासारखं काहीतरी तरंगत होतं. कडा नाहीत, आकार नाही, पण पूर्ण गेलेलंही नाही. हे विरघळलं म्हणायचं की राहिलं म्हणायचं? मी दोघा सहकाऱ्यांना दाखवलं. एक म्हणाला गेला, एक म्हणाली आहे. शेवटी प्लाझ्मा गोठवून, थर्मोकोलच्या पेटीत जेल पॅक घालून, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवला. चार दिवसांनी आकडा आला: नॉर्मलच्या ३ टक्के.

बाळ वाचलं. डावा हात जरा मागे राहिलाय. वडील रिपोर्ट न्यायला आले तेव्हा त्यांनी जुना कागदही आणला होता. आवाज चढवला नाही. नुसतं विचारलं, "मॅडम, हितं नॉर्मल लिवलंय न्हवं?"

या प्रश्नाचं उत्तर मी एकटी देऊ शकत नाही, म्हणून तो तुमच्यापुढं ठेवतेय. माझी चूक मी मान्य केली, तिसरं पान न वाचण्याची. पण दुसऱ्या वेळेला मी सगळं बिनचूक केलं होतं, आणि तरी ट्यूबनं मला धड उत्तर दिलं नाही. ती चूक माझी नव्हती.

हा घटक तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडं सांगते. गोठण्याच्या घटकांना रोमन आकडे आहेत, एक ते तेरा. (सहावा नाही. नंबर दिला होता, मग कळलं की तो वेगळा कुणी नाही, पाचव्याचंच जागं झालेलं रूप आहे. नंबर मागे घेतला, जागा मात्र रिकामी राहिली.) पीटी आणि एपीटीटी या दोन्ही तपासण्यांत आम्ही मोजतो ते सेकंद. प्लाझ्मात रिएजंट पडलं की घड्याळ सुरू, फायब्रिनचे धागे दिसले की घड्याळ बंद. आणि मशीनचं घड्याळ जिथं थांबतं, तिथून तेराव्या घटकाचं काम सुरू होतं. तोवर धागे नुसते एकमेकांना टेकलेले असतात. तेरावा येतो आणि एका धाग्यातलं ग्लुटामिन दुसऱ्यातल्या लायसिनला कायमचं जोडतो. गुठळी लवकर विरघळू नये म्हणून अँटिप्लाझ्मिन नावाचा राखणदारही तिथंच बांधून ठेवतो.

आमच्या माळरानावर नुसत्या दगडांचे ताल घालतात. दगडावर दगड, मध्ये काही नाही. बघणाऱ्याला ती भिंतच दिसते आणि पहिला पाऊस ती अडवतेही. दुसऱ्या दिवशी मात्र ओघ आला की एकेक दगड निसटतो. फॅक्टर तेरा नसलेल्या माणसाची जखम तशी. रक्त वेळेवर थांबतं आणि एक-दोन दिवसांनी परत सुरू होतं. म्हणूनच डॉक्टर फसतात, घरचे फसतात आणि मशीन तर फसतंच फसतं. हा घटक जवळजवळ नसलेल्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांना बेंबीतून रक्त येतं आणि सुमारे ३० टक्क्यांना कधी ना कधी मेंदूत रक्तस्राव होतो. म्हणजे बेंबी ही निसर्गानं दिलेली आगाऊ सूचना आहे. ती वाचायला आपल्याकडे काय आहे, तर युरियाची ट्यूब.

आणि ही ट्यूब आली कुठून? १९४८ साली लाकी आणि लोरँड या हंगेरीतल्या दोघा शास्त्रज्ञांनी लिहिलं की फायब्रिनची गुठळी युरियात विरघळते, पण प्लाझ्मातली एक गोष्ट सोबत असली तर विरघळत नाही. ती गोष्ट म्हणजे हाच घटक. पुढे १९६० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये डुकर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात वर्षांच्या एका मुलात त्याची जन्मजात कमतरता पहिल्यांदा दाखवली. ज्या निरीक्षणातून घटक सापडला तेच निरीक्षण आम्ही आज तपासणी म्हणून करतो आणि त्याचे पैसे घेतो. त्या दोघांबद्दल मला आदर आहे. पण त्यांना घटक शोधायचा होता, पेशंट शोधायचे नव्हते.

युरियाची खोट अशी की ती फक्त पार नसलेल्यालाच पकडते. कुठलं रिएजंट वापरलं, क्लॉट कॅल्शियमनं केला की थ्रॉम्बिननं, विरघळवायला युरिया घेतला की ॲसिड, यावर तिची पकड बदलते. कुठं अर्ध्या टक्क्याखालीच सापडतं, कुठं पाच टक्क्यांपर्यंत. दोन लॅब एकाच पेशंटबद्दल दोन गोष्टी सांगू शकतात आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर असतात. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉलीचं वजन होतं, त्यावर तोळाभर सोनं ठेवलं तर काटा हलत नाही. काटा खोटा नसतो. पण म्हणून सराफानं "सोनं नाहीच" अशी पावती फाडायची का? आम्ही ती फाडतो. त्या पावतीवरचा शब्द म्हणजे "नॉर्मल".

रक्त गोठण्याच्या जागतिक संघटनेच्या तज्ज्ञ समितीनं २०११ मध्येच सांगितलं की पहिली तपासणी म्हणून आकडा देणारी, घटकाचं काम मोजणारी पद्धत वापरा, गुठळी विरघळवण्यावर विसंबू नका. त्याला आता किती वर्षं झाली ते तुम्हीच मोजा.

आता मी मुद्द्यावर येते, आणि हा मुद्दा माझ्यासारखीलाच सुचेल असा आहे, कारण तो बेंचवर उभं राहून दिसतो. आकडा देणारी जी पद्धत जगात सर्वांत जास्त वापरतात ती अमोनियाची. तेरावा घटक प्रत्येक जोडणीमागे अमोनियाचा एक रेणू सोडतो. जीएलडीएच नावाचं एन्झाइम तो अमोनिया पकडतं, पकडताना एनएडीएच किंवा एनएडीपीएच हे को-एन्झाइम (एन्झाइमचा मदतनीस रेणू) खर्च होतं, आणि ३४० नॅनोमीटरवर रीडिंग खाली येत जातं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसले. कारण हाच खेळ मी रोज सकाळी खेळते. ब्लड युरिया! युरिएज युरिया फोडतं, अमोनिया निघतो, तेच जीएलडीएच त्याला पकडतं, तेच ३४० नॅनोमीटर. को-एन्झाइमचा भाऊ तेवढा कधीकधी वेगळा. तासगावला, विट्याला, पलूसला, जिथं एका खोलीत लॅब चालते तिथंसुद्धा सेमी-ऑटो ॲनालायझर आहे, त्याला ३४० चा फिल्टर आहे, सदतीस डिग्रीचा क्युवेट (सॅम्पल वाचायची छोटी नळी) आहे आणि कायनेटिक मोड, म्हणजे रीडिंग कसं बदलत जातं ते बघायची सोय आहे. म्हणजे तपासणीसाठी लागणारं यंत्र जिल्ह्याच्या गल्लीबोळात आधीच येऊन बसलंय. नाही ते फक्त डब्यातलं औषध.

बाहेरून येणारी किट आहेत, मला माहीत आहे. ती मोठ्या कोॲग्युलेशन मशीनसाठी बेतलेली असतात. डबा उघडला, रिएजंट विरघळवलं की ते काही दिवसांत संपवावं लागतं. मला वर्षाला चार-पाच सॅम्पल येतात. मालकांनी एकदा हिशेब केला आणि मला कागद परत दिला. त्यांच्यावर माझा राग नाही. एक टेस्ट करून बाकीचा डबा बेसिनमध्ये ओतायला कुणीच तयार होणार नाही.

तेव्हा पहिली मागणी साधी आहे. चार तपासण्यांची बाटली द्या. वाळवलेली, एका वेळेला उघडून एका वेळेला संपणारी. ओआरएसची पुडी जशी लिटरभर पाण्यासाठी असते तशी.

दुसरी मागणी साधी नाही, आणि तिच्यावरच तुमचा कस लागणार आहे. तळ नीट वाचता आला पाहिजे. शंभर टक्के आणि सत्तर टक्के यातला फरक सांगणारी तपासणी कुणीही करेल. आम्हाला हवा आहे शून्य, तीन आणि आठ यातला फरक. अमोनियाच्या पद्धतीत नेमकी इथंच गोम आहे. प्लाझ्मात तेराव्या घटकाशी काही संबंध नसलेल्या वाटांनीही ते को-एन्झाइम खर्च होत राहतं. मशीनला ते कळत नाही, ते सगळं तेराव्याच्याच खात्यावर मांडतं. वरच्या टोकाला त्यानं काही बिघडत नाही. खालच्या टोकाला मात्र शून्य असलेला पेशंट पाच-दहा टक्क्यांचा दिसू शकतो. यावरचा उपाय तुमच्याच लोकांनी शोधलेला आहे: त्याच प्लाझ्माचा दुसरा क्युवेट लावायचा, त्यात आयोडोअसिटामाइड घालून तेरावा घटक मारून टाकायचा आणि जो खर्च उरेल तो पहिल्यातून वजा करायचा. ब्लँक. आम्ही बायोकेमिस्ट्रीत बिलिरुबिनला सॅम्पल ब्लँक लावतोच, त्यात नवीन काही नाही. पण ब्लँकचं औषध डब्यात नसेल तर कोण लावणार? आणि दुप्पट रिएजंट जाणार म्हटल्यावर मालक काय म्हणणार?

हे कळल्यापासून मला त्या बाळाच्या ३ टक्क्यांचीही खात्री वाटेनाशी झाली. ब्लँक लावला होता की नाही, ते त्या रिपोर्टात कुठंच नव्हतं. ते तीन खरे तीन होते, की शून्यावर चढलेली पुटं? फोन केला तर समोरच्यानं नम्रपणे सांगितलं की पद्धत प्रमाणित आहे.

म्हणून ब्लँक डब्याच्या आतच असू द्या, ऐच्छिक ठेवू नका. सोबत एक खालचा कंट्रोल (आधीच माहीत असलेल्या पातळीचं सॅम्पल) द्या, तीन-चार टक्क्यांचा. नॉर्मल आणि अर्ध्याचा कंट्रोल देऊन आमची बोळवण करू नका. तळाशी सिग्नल बारीक असतो हे मान्य, मिनिटाला रीडिंग जेमतेम हलतं. मग वाचन लांबवा. आमच्या सेमी-ऑटोवर वीस मिनिटं एक क्युवेट अडकून पडला तर सांगलीचं काही अडत नाही. सॅम्पल थोडं जास्त घ्यावं लागलं तर तसं लिहा. फक्त बाळाचं रक्त काढताना निळ्या टोपणाच्या ट्यूबला खुणेपर्यंत भरावं लागतं आणि नऊ दिवसांच्या जिवातून तेवढं निघताना आई बघत असते, हे डिझाईन करणाऱ्यानं एकदा येऊन बघावं. लहान, एक मिलिलिटरची ट्यूब धरूनच हिशेब करा.

अमोनियाच पकडा असा माझा हट्ट नाही. अमाईन जोडून मोजायच्या पद्धती तळाशी जास्त बारीक वाचतात असं वाचलंय, पण त्यात धुण्याचे टप्पे फार, आणि काही पद्धतींत माणसामाणसातल्या एका नेहमीच्या जनुकीय फरकानंच आकडा बदलतो. तो गुंता तुमचा, तुम्ही सोडवा. तुमच्यातल्याच काहींनी हिमोफिलिया ए आणि व्हॉन विलब्रँड हे रक्तस्रावाचे दोन आजार ओळखणारी कागदी पट्टी मुंबईत बनवून दाखवली. ती बातमी मी लॅबच्या कपाटावर चिकटवली होती. त्याच हातांनी तेराव्यालाही हात घालावा एवढंच म्हणणं आहे.

आता तुम्ही म्हणाल, वीस लाखांत एक असा हा आजार, बाजार कुठाय? २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख २२ हजार होती. हिशेबानं वाट्याला येतो एक पेशंट, फार तर दीड. मी एकटीनं एका लॅबमध्ये तीन बघितलेत आणि मी काही जिल्ह्यातली एकमेव टेक्निशियन नाही. यातून मी कसलाही आकडा काढत नाही, तीनावरून आकडे काढू नयेत हे मला शिकवलंय. पण वीस लाखांत एक हा हिशेब सगळ्या जगाचा आहे. हा दोष दोन्हीकडून एकेक बिघडलेलं जनुक आलं तरच उतरतो, आणि आमच्याकडे मामाची मुलगी करायची रीत आहे. त्या बाळाची आई बाळाच्या बापाच्या सख्ख्या मामाची मुलगी. अशा घरांत ओळीनं दोन-तीन मुलं "डोक्यात रक्त होऊन" गेलेली असतात आणि घरच्यांनी त्याला देवाचं नाव दिलेलं असतं.

यावर लगेच कुणी तरी नात्यात लग्न करू नका असं व्याख्यान देतो. माझ्या सासूबाईही सासऱ्यांच्या मामाच्याच. त्या घरात बसून मी ते व्याख्यान ऐकलंय, आणि ते दिल्यानं कुणाचं लग्न मोडलेलं मला आठवत नाही. त्यापेक्षा लग्नाआधी किंवा पहिल्या बाळानंतर आई-बापाचा फॅक्टर तेरा मोजता आला तर बोलायला काही आधार राहील. वाहक आई-बापांत तो साधारण निम्म्यावर असतो. युरियाची ट्यूब इथं पूर्ण मुकी आहे. निम्मा काय आणि पूर्ण काय, तिला दोन्ही सारखेच. आणि ज्या बाईत तो जवळजवळ नाही तिचा गर्भ सहसा टिकत नाही, वरून घटक दिल्याशिवाय. चार-चार वेळा पोट पडलेल्या बायका आमच्या काउंटरवर थायरॉईड आणि टॉर्चचे (गर्भाला बाधणाऱ्या संसर्गांचे) रिपोर्ट न्यायला येतात. त्यांच्यापैकी किती जणींना बाळपणी बेंबीतून रक्त आलं होतं हे आम्ही विचारलेलं नाही, कारण विचारून पुढे करणार काय?

उतारवयातही अचानक या घटकाविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊन माणूस काळानिळा पडतो, असेही पेशंट असतात. तेव्हा बाजार अगदीच एका बाळाचा नाही. पण मोठा आहे असं खोटं सांगून मी तुम्हाला भरीला घालणार नाही. लहान बाजारासाठी लहान डबा, एवढंच.

एक गोष्ट फुकटात करता येईल. किटमध्ये जो कागद घालता, आठ घड्यांचा, मुंगीएवढ्या अक्षरांचा, त्याच्या अगदी वर मोठ्या अक्षरात छापा: "गेल्या चार आठवड्यांत रक्त, प्लाझ्मा किंवा क्रायो दिलं आहे का?" मराठीतही छापा. मी आमच्या फॉर्मवर हा प्रश्न शिक्का मारून घेतलाय. शिवाय युरियाच्या रिपोर्टात नॉर्मल हा शब्द लिहिणं सोडलं. आता लिहिते, "क्लॉट टिकला. यावरून फक्त अतितीव्र कमतरता नसावी इतकंच म्हणता येतं." डॉक्टरांचे फोन आले, की एवढं लांबण कशाला, हो की नाही ते सांगा. मी म्हटलं, ट्यूब तेवढंच सांगते.

तुम्हाला करून बघायला पेशंट लागतील, खालच्या पातळीचे प्लाझ्मा लागतील. घरच्यांची संमती घेऊन, तुमच्या नीतिसमितीच्या नियमानं, ते गोळा करायला आमच्यासारखे लोक मदत करतील. गोठवलेला प्लाझ्मा सांभाळायची सवय आहे. २०१९ च्या पुरात लाईट गेली तेव्हा वीस जणांच्या रक्ताचा आमचा नॉर्मल पूल वितळून वाया गेला. फ्रीज वरच्या मजल्यावर होता, पाणी तिथवर आलंही नाही, पण लाईटच नाही म्हटल्यावर काय. त्यानंतर आम्ही इन्व्हर्टर घेतला. नव्या पद्धतीचा डबा पाठवलात तर शेजारी युरियाची ट्यूब लावून दोन्हीचे निकाल मी स्वतः वहीत उतरवून पाठवीन. तुमच्या पद्धतीत काय बोंबलतंय तेही लिहीन.

ते बाळ आता शाळेत जातं. दर चार आठवड्यांनी ब्लड बँकेतून क्रायो (प्लाझ्मातून वेगळा काढलेला, हा घटक असलेला भाग) घेतं. घटक जास्त दिवस टिकतो हाच त्याचा उपकार, नाहीतर हिमोफिलियाच्या मुलांसारखं दिवसाआड धावावं लागलं असतं. क्रायोच्या आधी, म्हणजे महिन्याच्या तळाला पातळी किती उरते हे डॉक्टरांना हवं असतं. पाचाच्या खाली जात असेल तर तीन आठवड्यांवर यावं लागेल, आणि पूर्व भागातून येऊन-जाऊन एसटीचा पूर्ण दिवस जातो, बापाचा रोज बुडतो. वर असेल तर उगाच का बोलवायचं?

गेल्या गुरुवारी तो आला होता. सॅम्पल देताना रडत नाही आता, उजवा हात स्वतःच पुढं करतो. मी क्लॉट केला, युरियात सोडला. शुक्रवारी बघितलं तर क्लॉट होता. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, किती आहे? मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, चार की चौदा? मी ट्यूब हातात धरून उभी होते.

आपली,
एक लॅब टेक्निशियन,
सांगली